गुरगुरणं थांबलं आणि चावा झाला: एका लॅब्रॅडॉरचं प्रकरण

कुत्र्यांच्या वर्तनाच्या तक्रारींवर मी काम करते. त्यातलंच हे एक प्रकरण, कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुत्र्याला इथे ढब्बू म्हटलंय. त्याचं खरं नावही साधारण याच अर्थाचं होतं, आणि पुढे त्याचा संबंध येतोच.

पार्श्वभूमी

ढब्बू साडेसहा वर्षांचा, नसबंदी झालेला नर लॅब्रॅडॉर. घरात आई, बाबा, आजी आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलगी जेमतेम अडीच वर्षांची असताना हे पिल्लू घरात आलं आणि दोघं एकाच चटईवर लोळत मोठी झाली. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दिवसातून तीनदा खाली-वर आणि संध्याकाळी मैदानात अर्धा तास चेंडू. लसी वेळच्या वेळी दिलेल्या, रेबीजचीही. वजन 41 किलो.

प्रौढ लॅब्रॅडॉर नराचं वजन साधारण 29 ते 36 किलोंच्या दरम्यान असावं अशी अपेक्षा असते. पण ढब्बू घरात कुणालाच जाड वाटत नव्हता. "हाडापेराने मोठा आहे," असं बाबा म्हणत, आणि रोज बघणाऱ्याला ते पटायचंही.

आईने पहिल्याच फोनवर एक वाक्य तीनदा सांगितलं: "तो काहीही सहन करायचा हो ताई. मुलगी अंगावर झोपायची, कान ओढायची, तोंडातलं खेळणं काढून घ्यायची. सहा वर्षांत साधा ओठ वर केला नाही." कुत्र्याचं असं कौतुक ऐकलं की मी हल्ली जरा सावध होते. सहन करायचा, म्हणजे सहन करण्यासारखं काहीतरी होतं.

अडचण

थंडीच्या दिवसांत एका रात्री मुलगी सोफ्यावर झोपलेल्या ढब्बूवर नेहमीसारखी आडवी झाली आणि ढब्बू गुरगुरला. सगळे हसले. आठवडाभराने पुन्हा तेच. मग आजी फडक्याने त्याचे मागचे पाय पुसत होत्या तेव्हा. मग बाबा त्याला सोफ्यावरून खाली सरकवत होते तेव्हा. दीड महिन्यात असं सात-आठ वेळा झालं. हसणं बंद झालं, ओरडणं सुरू झालं, आणि एकदोनदा वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर बसली.

हे प्रसंग मी पुढे त्यांना आठवून एकाखाली एक लिहायला लावले. कागदावर आल्यावर दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. जवळजवळ सगळे प्रसंग संध्याकाळी चेंडू खेळून आल्यानंतरचे होते. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी त्याच्या अंगाच्या मागच्या भागाला हात लावला होता, नाहीतर त्याला उठायला भाग पाडलं होतं. सुटे सुटे पाहिले तेव्हा मात्र प्रत्येक प्रसंगाला वेगळं कारण सापडत होतं: आज झोपमोड झाली, आज फडकं आवडलं नाही, आज सोफा सोडायचा नव्हता. सगळ्याचा निष्कर्ष एकच निघाला, कुत्रा शेफारला.

मग ट्रेनर बोलावला. त्याचं निदान दहा मिनिटांत झालं: कुत्रा घरात वरचढ व्हायला बघतोय, आणि त्याला त्याची पायरी दाखवायला हवी. सोफा बंद. घरच्यांनी आधी जेवायचं, मग त्याला द्यायचं. आणि गुरगुरला की लगेच पाठीवर उताणा पाडून, तो ढिला पडेपर्यंत दाबून धरायचं.

हा माणूस दुष्ट नव्हता. तो जे शिकला तेच सांगत होता, आणि ती शिकवण बरीच जुनी आहे. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात ठेवले होते आणि ते आपसात भांडत होते. त्यावरून कळपात एक 'आल्फा' असतो आणि तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, ही कल्पना रुजली आणि पुढे लांडग्यांवरून कुत्र्यांवर आली. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने 1970 सालच्या आपल्या पुस्तकातून ती दूरवर पोचवली, आणि त्यांनीच 1999 मध्ये ती सुधारली. मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असं साधं कुटुंब असतं, हे त्यांनी जंगलात राहून पाहिलं होतं. दुरुस्ती मात्र मूळ कल्पनेइतकी पसरली नाही.

तीन आठवडे बाबांनी मन घट्ट करून ढब्बूला उताणं पाडलं. गुरगुर कमी होत गेली आणि चौथ्या आठवड्यात पूर्ण थांबली. घरात सुटकेचा निःश्वास.

पाचव्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, ढब्बू स्वयंपाकघराच्या दारात झोपला होता. मुलगी पाणी प्यायला निघाली, त्याला ओलांडताना तोल गेला आणि तिचा गुडघा त्याच्या मांडीवर टेकला. ढब्बूने वळून तिच्या हाताचा चावा घेतला. मनगटाच्या वर तीन दात रुतले. आवाज नाही, इशारा नाही. चावून लगेच सोडलं आणि भिंतीकडे सरकून तो थरथरत बसला.

त्या रात्री घरच्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली. आजींनी मुलीचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून घड्याळात पाहून पंधरा मिनिटं धुतला, मगच दवाखान्यात नेलं. कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्वचा फाटलेल्या चाव्यात पुढचं डॉक्टरांवर सोडायचं असतं. डॉक्टरांनी मुलीची रेबीजची लस सुरू केली आणि ढब्बूला दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं. चाव्याच्या वेळी कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल, तर त्या दहा दिवसांत कुत्रा आजारी दिसतो किंवा मरतो. तेवढ्यासाठी ही मुदत असते. ढब्बू ठणठणीत राहिला.

मला फोन आला तो दुसऱ्या दिवशी.

समोर असलेले पर्याय

बाबांनी फोनवरच विचारलं, "कायमचं झोपवावं का त्याला?" हा प्रश्न मी उडवून लावत नाही. घरात लहान मूल आहे, चावा खोल आहे आणि इशारा नव्हता. असा प्रश्न विचारणारा बाप निर्दयी नसतो. पण चावा का झाला हे कळायच्या आधी घेतलेला हा निर्णय मागे घेता येत नाही, एवढंच मी त्यांना म्हटलं.

दुसरं कुटुंब शोधावं, असं आईच्या मनात होतं. यात अडचण सरळ होती. चाव्याची गोष्ट लपवून कुत्रा दुसऱ्याला देणं म्हणजे त्या घरातल्या मुलाचा हात धोक्यात घालणं. आणि खरं सांगून दिला, तर साडेसहा वर्षांच्या चावऱ्या कुत्र्याला घेणारं घर सहसा मिळत नाही. नातेवाइकांनी त्याला गच्चीवर बांधून ठेवायला सुचवलं. ट्रेनर म्हणाला, "अजून कडक व्हा, विजेचा झटका देणारा पट्टा लावा."

या शेवटच्या सल्ल्यावर मी ठाम नाही म्हटलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. कुत्र्याला उताणं पाडून दाबलेल्यांपैकी 31 टक्के मालकांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं. मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 43 टक्के होतं. ढब्बूच्या बाबतीत तर दाबण्याने आणखी एक गोष्ट बिघडली होती.

केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी कुत्र्याच्या इशाऱ्यांची शिडीसारखी मांडणी केली आहे. खालच्या पायरीवर जांभई, डोळे मिचकावणं, नाक चाटणं. मग मान फिरवणं, अंग फिरवणं, निघून जाणं. मग कान मागे, शेपटी पायांत. मग अंग ताठ होऊन रोखून बघणं. त्याच्या वर गुरगुरणं, हवेत दात आपटणं आणि सर्वांत वर चावा. खालच्या पायऱ्यांवर काम झालं तर कुत्रा वर चढत नाही. ढब्बूच्या खालच्या पायऱ्या घरात कुणाला वाचताच येत नव्हत्या. गुरगुरणं ही पहिली ऐकू येणारी पायरी होती, आणि तीच तीन आठवडे खपून काढून टाकली होती. चाव्याआधी इशारा नव्हता, हे म्हणणं त्या रात्रीपुरतं खरं आहे. त्याआधीचा दीड महिना तो इशारेच देत होता.

शेवटी ठरलं ते असं. सहा आठवड्यांची मुदत. त्या काळात ढब्बू आणि मुलगी मध्ये दार किंवा जाळीचं फाटक असल्याशिवाय एकत्र येणार नाहीत. शिक्षा पूर्ण बंद. आणि आधी शरीर तपासायचं, मग स्वभावाचं बोलायचं. सहा आठवड्यांनी झोपवण्याचा प्रश्न पुन्हा टेबलावर घ्यायचा, हे मी स्वतःच लिहून दिलं. मुदत ठरली तसे बाबा जरा शांत झाले.

पहिली भेट, आणि माझी चूक

मी घरी गेले तेव्हा ढब्बूने दारातच शेपटीने माझी पर्स पाडली. मैदानात नेल्यावर चेंडूमागे सुसाट धावला. नुकत्याच झालेल्या वार्षिक तपासणीच्या कागदावर 'सर्व ठीक' असा शेरा होता. परत आल्यावर तो एका कुशीवर कलून, एक मागचा पाय बाहेर फेकून बसला. मी ते पाहिलं आणि माझ्या वहीत 'आळशी बैठक' असं लिहिलं. हो, 'आळशी'. वही अजून माझ्याकडे आहे.

मी त्या दिवशी वर्तनाचा कार्यक्रम आखून दिला: अंतर, खाऊ, शांत जागा. वाईट नव्हता तो, पण आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असला प्रकार. वैद्यकीय तपासणी सांगितली होती खरी, पण 'सवड मिळेल तेव्हा करून घ्या' अशा सुरात.

आठ-नऊ दिवसांनी मुलीने फोन घेतला. तिचं दुसरंच काही चाललं होतं, पण बोलता बोलता म्हणाली, "तो सकाळी उठताना आजीसारखा आवाज करतो." मी विचारलं, कधीपासून? "खूप दिवसांपासून. मी सांगितलं होतं सगळ्यांना." तिने खरंच सांगितलं होतं. सगळ्यांनी ते गंमत म्हणून ऐकलं होतं.

मी तीन व्हिडिओ मागवले: सकाळी झोपेतून उठताना, जिना चढताना, आणि खेळून आल्यावर तासाभराने खाली बसताना. उठताना तो आधी पुढचे पाय रोवून पुढचं धड ओढून घेत होता आणि मागचं धड नंतर कसंबसं वर येत होतं. मी सेकंद मोजले: बारा. जिन्यावर मागचे दोन्ही पाय एकत्र उचलून सशासारख्या उड्या मारत होता. आणि बसताना तीन फेऱ्या, मग अंग टाकून देणं. चौथा व्हिडिओ आईने न मागता पाठवला, वरून घेतलेला. खांदे रुंद, मागच्या मांड्या बारीक.

चेंडूमागचा कुत्रा आणि सकाळचा कुत्रा यांत इतका फरक का, याचं उत्तर फार गूढ नाही. खेळाच्या उत्साहात किंवा दवाखान्याच्या धास्तीत कुत्रा वेदना झाकून टाकतो. ती बाहेर पडते तासा-दोन तासांनी, अंग थंड झाल्यावर. ढब्बूच्या बहुतेक गुरगुरीची वेळ तीच होती.

तपासणी

व्हिडिओ पाहून पशुवैद्यांनी या वेळी वेगळी तपासणी केली. एकेक सांधा हलवून पाहिला. डावा मागचा पाय मागे ताणताच ढब्बूने ओठ चाटले, मान वळवली आणि अंग ताठ केलं. म्हणजे त्या शिडीच्या तीन पायऱ्या टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कान, दात, डोळे पाहिले. रक्ततपासणी केली, कारण वेदनाशामक सुरू करण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडाचं काम कळायला हवं. मग गुंगी देऊन खुब्यांचे एक्स-रे काढले.

निदान: दोन्ही खुब्यांचे सांधे वाढीच्या वयातच सैल बसलेले, ज्याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात, आणि त्यातून वर्षानुवर्षांच्या घर्षणाने झालेला संधिवात. डावीकडे जास्त. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींत हे नवीन नाही.

तीन आठवडे उताणं पाडताना बाबा नेमका कुठे जोर देत होते, हे सांगायची कुणाला गरज पडली नाही. बाबा एक्स-रे धरून बराच वेळ काही बोलले नाहीत.

लिंकन विद्यापीठातल्या डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये त्यांच्याकडे वर्तनाच्या तक्रारींसाठी पाठवलेल्या प्राण्यांचा आढावा घेतला. हात राखून केलेल्या अंदाजानेही सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत कुठली तरी वेदनादायक व्याधी होती. काही ठिकाणी हा आकडा 80 टक्क्यांच्या जवळ जाऊ शकतो असं त्यांनी म्हटलंय. हा निबंध मी वाचलेला होता. तरी 'आळशी बैठक' लिहिलंच.

काय काय केलं

शस्त्रक्रियेचा पर्याय पशुवैद्यांनी मांडला: खुब्याचा सांधा बदलणं, किंवा मांडीच्या हाडाचं वरचं टोक काढून टाकणं. पण 41 किलोंचा कुत्रा, दुसरा मजला आणि नुकताच झालेला चावा, या सगळ्यात महिनोन्‌महिने शुश्रूषा आणि हाताळणी करायची कशी? आधी औषध आणि वजन, मग पाहू, असं ठरलं. मला ते पटलं, आजही पटतं.

पशुवैद्यांनी कुत्र्यांसाठीचं दाहशामक वजनाप्रमाणे मोजून सुरू केलं. तपासणीच्या तारखेची वाट पाहत असताना बाबांनी मला विचारलं होतं, "माझी गुडघ्याची गोळी अर्धी देऊ का?" देऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि पॅरासिटॅमॉलही आपल्या मनाने देण्याची गोष्ट नाही. प्रेमापोटी दिलेल्या अशा गोळीने कुत्रे दगावतात, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिते आहे.

वजन हे सगळ्यांत कटकटीचं काम होतं, कारण त्यात कुत्र्यापेक्षा माणसं जास्त गुंतलेली. चार दिवस घरात कोण काय भरवतं ते लिहून ठेवलं. वाडग्यातलं खाणं ठीक होतं. वरखर्च भरमसाट: बाबांच्या ताटातला शेवटचा घास, मुलीचं बिस्कीट, आणि आजींकडून दुपारी 'थोडंसं काहीतरी'. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण संकेत आहे. इथे तो निम्म्याच्या आसपास होता. आजी दुखावल्या. "मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं?" हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

त्यांना मी एका जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. प्युरिना कंपनीने 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं देत, त्यांना जन्मभर पाहिलं. 2002 मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणारे सरासरी 1.8 वर्षं जास्त जगले, आणि त्यांच्या सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. आजींनी विचारलं, "पावणेदोन वर्षं?" मग स्वतःच तोडगा काढला. सकाळच्या मोजलेल्या खाण्यातले दाणे एका डबीत काढून ठेवायचे आणि दुपारी 'थोडंसं काहीतरी' म्हणून तेच द्यायचे. ढब्बूला फरक कळला नाही. सात महिन्यांत 41 चे 34 किलो झाले.

बाकीचं पटपट सांगते. चेंडू बंद, कारण धावत जाऊन एकदम वळणं सांध्याला सर्वांत वाईट. त्याऐवजी पट्ट्यावर सपाट जमिनीवर रोज चार छोटे फेरे, आणि जिना दिवसातून दोनदाच. गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून जाड सतरंज्या, नखं वेळेवर कापलेली. झोपायला जाड गादी, आणि तीही अशा कोपऱ्यात की तिथून कुणाचा रस्ताच जात नाही. दारात झोपण्याची सवय मोडायला तीन आठवडे लागले.

मुसकं हा शब्द काढल्यावर आई रडल्या. त्यांना ती शिक्षा वाटली. आम्ही जाळीचं, तोंड पूर्ण उघडता येईल, धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं मुसकं निवडलं. पहिले कित्येक दिवस ते बांधलंच नाही, त्यात फक्त खाऊ ठेवला. दोन आठवड्यांत मुसकं हातात घेतलं की तो नाक खुपसायला धावायचा. मुलगी आणि तो पुन्हा एका खोलीत आले ते सातव्या आठवड्यात, मुसकं लावून, तीन मीटर अंतरावरून. मुलगी आत आली की आई त्याच्यापुढे खाऊ टाकायची, मुलगी गेली की खाऊ बंद. झोपवण्याचा प्रश्न सहाव्या आठवड्याच्या अखेरीस ठरल्याप्रमाणे टेबलावर घेतला होता. बाबांनीच तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मुलीला तीन नियम दिले. झोपलेल्या ढब्बूकडे जायचं नाही, त्याला हाक मारायची, तो आला तर आला. मिठी नाही. आणि हात लावायचा तो छातीला किंवा खांद्याला, तीन सेकंद, मग हात मागे. त्याने पुढे सरकून आणखी मागितलं तर आणखी तीन सेकंद, नाहीतर तिथेच थांबायचं. तिने याची वही सुरू केली. त्या घरात सर्वांत बारकाईने बघणारं माणूस तीच होती.

मध्येच झालेला एक घोळ

तिसऱ्या महिन्यात औषधाची बाटली संपली. ढब्बू इतका मोकळा हिंडत होता की आणखी आणायची घरात कुणाला घाई वाटली नाही. "बरा झालाय, उगाच कशाला औषध," असं बाबांचं मत. नवव्या दिवशी संध्याकाळी आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो गुरगुरला.

मुलगी जागच्या जागी थांबली. आजींनी हात काढला. बाबा उठले, आणि मला त्यांनी नंतर सांगितलं की पहिला विचार त्याला उताणं पाडण्याचाच आला होता. पण ते पुन्हा खाली बसले. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांना विचारून औषध सुरू झालं आणि पाच-सहा दिवसांत ढब्बू पूर्ववत झाला.

हा प्रयोग आम्ही मुद्दाम कधीच केला नसता. पण औषध असताना गुरगुर नाही, नसताना आहे, पुन्हा दिल्यावर नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर घरातला 'शेफारलाय' हा शब्द कायमचा गेला. आणि गुरगुर परत आली याचा मला मनातून आनंद झाला होता. तुटलेली पायरी पुन्हा जागेवर बसली होती. हे त्यांना त्या दिवशी सांगण्याचं धाडस झालं नाही, महिनाभराने सांगितलं.

निष्पत्ती

चाव्याला चौदा महिने झाले. दुसरा चावा नाही. मुलीच्या वहीत या काळात पाच वेळा गुरगुरल्याची नोंद आहे आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिलेलं आहे. त्यातलं एक 'मी विसरून मिठी मारली' असं आहे. झोपेतून उठायला आता चार-पाच सेकंद लागतात. मुसकं सहाव्या महिन्यात घरात वापरायचं थांबलं, पण दवाखान्यात जाताना अजून लावतात. दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी होते.

सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही. मुलगी ढब्बूला हात लावताना दुसरा हात आपोआप पाठीमागे घेते. वण दिसत नाही फारसा, पण सवय दिसते. आणि घरात पाहुण्यांची लहान मुलं आली की ढब्बू आतल्या खोलीत असतो. यात सूट नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

मागे वळून पाहताना

पहिल्या गुरगुरीनंतरचा आठवडा ही मला सर्वांत मोठी हुकलेली संधी वाटते. सहा वर्षं शांत असलेला प्रौढ कुत्रा अचानक बदलला, तर 'याला काय शिकवायचं' या प्रश्नाच्या आधी 'याला कुठे दुखतंय' हा प्रश्न यायला हवा होता. तेव्हा तपासणी झाली असती, तर चावा बहुधा टळला असता. बहुधाच म्हणते, कारण खुबे तेव्हाही तसेच होते आणि मुलीचा तोल तेव्हाही गेला असता.

वार्षिक तपासणीच्या पशुवैद्यांना दोष देणं मला जड जातं. घरच्यांनी त्यांना गुरगुरीबद्दल काही सांगितलंच नव्हतं. 'ते ट्रेनरचं काम' असं वाटून गेलं. ट्रेनरला तब्येतीबद्दल सांगितलं नाही, ते 'डॉक्टरचं काम' म्हणून. दोन माहितीचे तुकडे दोन वेगळ्या माणसांकडे पडून राहिले. ट्रेनरला मी नंतर फोन केला होता, कागदपत्रंही पाठवली. तो म्हणाला, "पण गुरगुरणं थांबलं होतं ना?" आमचं बोलणं त्यापुढे गेलं नाही.

माझ्या बाजूने दोन गोष्टी बदलल्या. आता भेटीच्या आधी मी तेच तीन व्हिडिओ मागवते, आणि ते पाहिल्याशिवाय तारीख देत नाही. आणि घरात मूल असेल तर त्याच्याशी वेगळं बोलते, मोठ्यांच्या आधी. पहिल्या भेटीत त्या मुलीला मी फक्त 'चावा कुठे झाला दाखव' एवढंच विचारलं होतं.

औषध-आधी की शस्त्रक्रिया-आधी, यावर माझं आणि पशुवैद्यांचं एकमत होतं, तरी तो प्रश्न मिटलेला नाही. डावा खुबा हळूहळू झिजतोच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा एक्स-रे आहे. ढब्बू आता पावणेआठ वर्षांचा आणि 34 किलोंचा आहे, म्हणजे गेल्या वेळी शस्त्रक्रियेच्या विरोधात असलेलं एक मोठं कारण उरलेलं नाही. दुसऱ्या मजल्याचं कारण उरलंय. बाबा तळमजल्यावरचं घर बघताहेत, अजून मिळालेलं नाही.